मोटार न चालविणाऱ्याचा परदेशप्रवास

परदेशांची वर्णने वाचताना एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ती लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी वाचकाला मोटार चालविता येते असे मनोमन गृहीत धरलेले असते. ‘या गावापासून चाळीस किलोमीटरवर एक रम्य सरोवर आहे’ एवढे एक वाक्य लिहून लेखक मोकळा होतो. ज्याच्या हाताशी मोटार आहे त्याला ते वाक्य पुरेसे असते. परंतु ज्याला मोटार चालविता येत नाही आणि जो एकटाच निघाला आहे, त्याचा खरा प्रश्न त्या वाक्यानंतर सुरू होतो. तेथे जावयाचे कसे? आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, तेथून परतावयाचे कसे?

असे प्रवासी वाटतात तितके थोडे नाहीत. कोणाची दृष्टी अधू असते. ब्रिटनमध्ये २० मीटर अंतरावरून दुसऱ्या गाडीच्या पाटीवरील क्रमांक वाचता आला नाही तर वाहन चालविण्याचा परवाना मिळत नाही. कोणाला अपस्माराचा विकार असतो, कोणाचे वय झालेले असते, तर कोणी अजून पुरेसा वयात आलेला नसतो. मुंबई किंवा कोलकाता यांसारख्या शहरांत सारे आयुष्य घालविलेल्या पुष्कळ माणसांना मोटार शिकण्याची गरजच कधी भासलेली नसते. सौदी अरेबियात तर २४ जून २०१८ पर्यंत स्त्रियांना मोटार चालविण्यास मनाईच होती. तेथे ही असमर्थता शरीराने नव्हे तर कायद्याने लादलेली होती. शिवाय स्वदेशात सराईतपणे गाडी हाकणारा मनुष्यही, रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या परक्या मुलखात, बर्फाळ घाटात एकट्याने गाडी घालावयास कचरतो. त्या प्रवासापुरता तोही मोटार न चालविणाऱ्यांच्याच पंक्तीत बसतो.

मोटार न येणे ही त्या माणसाची व्यक्तिगत उणीव आहे, आणि तिची किंमत त्याने निमूटपणे मोजली पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. पण हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. तोच प्रवासी एका देशात दोन हजार मीटर उंचीवरील खेड्यात बिनघोर जाऊन येतो आणि दुसऱ्या देशात एका जगप्रसिद्ध वनोद्यानाच्या वेशीवरच अडकून पडतो. माणूस तोच, त्याचे धैर्यही तेच. बदललेला असतो तो देश. हा फरक कशामुळे पडतो आणि तो ओळखून प्रवास कसा आखावा, हे येथे पाहावयाचे आहे.

मोटारीपूर्वीचे एकटे प्रवासी

एकट्याने जग पाहण्याची हौस मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. व्हिएन्नाची इडा फायफर ही स्त्री मुलगे मोठे झाल्यानंतर, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास प्रथम प्रवासाला निघाली. १८४६ ते १८४८ या काळात तिने ब्राझील, ताहिती, चीन, हिंदुस्थान व इराण या मार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या देशात तेव्हा रेल्वे नव्हती. उंट आणि बैलगाडी अशा वाहनांनी मजल दरमजल करीत, वाटेत अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहून ती मुंबईस पोहोचली. तिच्यापाशी स्वतःचे वाहन नव्हते आणि फारसा पैसाही नव्हता. ज्या मुलखात जी वाहने लोक वापरीत असत, त्यांतूनच तिने प्रवास केला.

पुढे रेल्वेने हा प्रवास सामान्य माणसाच्या आटोक्यात आणला. टॉमस कुक याने १८४१ साली इंग्लंडमधील लेस्टर येथून लफबरो येथे सुमारे ५०० लोकांची एक सहल आगगाडीने नेली, ही गोष्ट बहुश्रुत आहे. परंतु एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने त्याच्या व्यवसायातील त्याहून मोलाची घटना म्हणजे १८७३ साली निघालेले युरोप खंडाचे रेल्वे वेळापत्रक होय. सहलीत जाणाऱ्याला वाटाड्या लागतो. ज्याच्या हाती वेळापत्रक आहे तो स्वतःच आपला वाटाड्या होतो. ते वेळापत्रक पुढे एकशेचाळीस वर्षे कुकच्या नावाने निघत राहिले. २०१३ मध्ये त्या कंपनीने ते बंद केले, तेव्हा ते तयार करणाऱ्यांपैकी काहींनी पुढच्याच वर्षी ते स्वतंत्रपणे पुन्हा सुरू केले.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेतील वास्तव्याचा उल्लेख करणे उचित होईल. रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत जर्मनीमध्ये कार्ल बेन्झ याने आपल्या मोटारगाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. म्हणजे मोटार जन्माला येत होती, पण रस्त्यावर आलेली नव्हती. रमाबाईंनी त्या विस्तीर्ण देशात शहरोशहरी व्याख्याने दिली आणि अखेर पश्चिम किनाऱ्यावरून जहाजाने जपानमार्गे त्या स्वदेशी परतल्या. या अनुभवांवर आधारलेला त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या देशातील एका स्त्रीला अमेरिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पाहता आली, याचे कारण तेथे रेल्वेचे जाळे पसरलेले होते. ते पुढेही वाढत जाऊन १९१६ च्या सुमारास सुमारे चार लाख किलोमीटरपर्यंत पोहोचले.

वेशीपर्यंतची वाट

त्याच अमेरिकेत पुढे काय घडले ते यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून चांगले समजते. उष्ण पाण्याच्या कारंज्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे उद्यान १८७२ साली स्थापन झाले. १८८३ पर्यंत रेल्वेचा एक फाटा त्याच्या उत्तर सीमेजवळ येऊन ठेपला. आगगाडीतून उतरावयाचे, घोड्यांच्या गाडीत बसावयाचे आणि उद्यानात फिरून यावयाचे, असा तेव्हाचा क्रम होता. १९१५ मध्ये उद्यानात खाजगी मोटारींना प्रवेश मिळाला आणि लवकरच घोड्यांच्या गाड्यांची जागा मोठ्या मोटारबसगाड्यांनी घेतली. येथपर्यंत स्वतः वाहन न चालविणाऱ्याचे काही बिघडलेले नव्हते. बिघडले ते यानंतर. ज्यांना परवडत होते ते आपापल्या मोटारींनी येऊ लागले, आगगाडीचे प्रवासी घटले आणि १९६० च्या सुमारास उद्यानाच्या दारापर्यंत येणाऱ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. दरम्यान १९५६ च्या कायद्याने देशभर प्रचंड महामार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले होते. १९७१ मध्ये उरल्यासुरल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालविण्यासाठी ‘ॲमट्रॅक’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन करावी लागली. आज तिच्या गाड्या सुमारे ३४ हजार किलोमीटर मार्गांवर धावतात. यलोस्टोनचा बहुतेक भाग ज्या वायोमिंग राज्यात आहे, त्या राज्यात तिची एकही गाडी जात नाही.

बसने या उद्यानाच्या वेशीवरील गावापर्यंत येता येते. परंतु आत प्रेक्षणीय स्थळांना जोडणारा वर्तुळाकार रस्ता सुमारे २३० किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यावर नेहमीची सार्वजनिक बस नाही. एकट्या प्रवाशाने एक तर एखाद्या सहलीच्या गाडीत जागा घ्यावी, नाही तर परत फिरावे. सहलीच्या गाडीत तो सुरक्षित असतो, पण एखाद्या कारंज्यापाशी अर्धा तास अधिक थांबावे असे त्याला वाटले तर ते त्याच्या हाती नसते.

हे सारे निसर्गतःच अटळ आहे काय? तसे म्हणता येत नाही. त्याच देशातील झायन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात अरुंद दरीतील मोटारींची गर्दी असह्य झाली, तेव्हा २००० सालापासून तेथे हंगामात बसगाड्या सुरू करण्यात आल्या आणि त्या चालू असताना खाजगी मोटारींना दरीच्या रस्त्यावर मज्जाव करण्यात आला. तेव्हापासून मोटार असलेला व नसलेला असे दोघेही एकाच बसथांब्यावर उभे राहतात. व्यवस्था बदलली, त्याबरोबर मोटार न येण्याचे वैगुण्यही त्या दरीपुरते नाहीसे झाले.

ब्रिटनमधील उदाहरण अधिक बोलके आहे. १९६३ मध्ये रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटर लोहमार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. तोट्यात चालणाऱ्या शाखा छाटल्या म्हणजे मूळ झाड सुधारेल, असा त्यामागील विचार होता. स्कॉटलंडमधील एडिंबरोहून सरहद्दीच्या डोंगराळ प्रदेशातून कार्लाइलला जाणारा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन या खेड्यातील लोकांनी रेल्वेचे फाटक लावून घेतले आणि लंडनकडे निघालेली अखेरची गाडी अडवून धरली. गाडी कायमची थांबली म्हणजे आपण जगापासून तुटणार, हे त्या गावकऱ्यांना कोणत्याही अहवालाविना कळत होते. अखेर गाडी गेली आणि रूळही उखडले गेले. ४६ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, याच मार्गाचा उत्तरेकडील सुमारे ४८ किलोमीटरचा भाग नव्याने बांधून पुन्हा सुरू करण्यात आला. न्यूकॅसलटनपर्यंत मात्र रेल्वे अद्याप परतलेली नाही.

जोडणीचे शास्त्र

आता ज्या देशात मोटार न चालविणारा प्रवासी सर्वांत निर्धास्तपणे हिंडू शकतो, त्या स्वित्झर्लंडकडे वळू. हा देश श्रीमंत आहे म्हणून तेथे सोय आहे, असे उत्तर चटकन दिले जाते. परंतु श्रीमंत तर अमेरिकाही आहे. स्वित्झर्लंडमध्येही बहुतेक कुटुंबांपाशी मोटार आहे आणि डोंगरांमुळे रूळ व रस्ते बांधणे तेथे अधिकच कठीण आहे. तेव्हा खरे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

१९७० नंतरच्या काही वर्षांत स्विस रेल्वेतील काही तरुण अभियंत्यांनी एक योजना मांडली. हॉलंडने १९७० मध्ये आपल्या रेल्वेजाळ्यावर ठराविक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत स्वीकारली होतीच. त्याच धर्तीवर २३ मे १९८२ पासून स्वित्झर्लंडभर दर तासाला एक गाडी सुरू झाली. एखाद्या स्थानकावरून सकाळी ८ वाजून २ मिनिटांनी गाडी सुटत असेल तर ९ वाजून २ मिनिटांनी, १० वाजून २ मिनिटांनी, याप्रमाणे दिवसभर ती सुटावयाची. प्रवाशाला केवळ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवला की पुरे.

पण एवढ्याने काम भागत नाही. एकाच गाडीने जावयाचे असेल तेव्हा वेगाला महत्त्व असते. वाटेत गाडी बदलावयाची असेल, तर वेगापेक्षा दोन गाड्यांची जोडणी महत्त्वाची ठरते. एक उदाहरण घेऊ. एका मोठ्या स्थानकावरून गाडी ८ वाजून २ मिनिटांनी निघाली आणि ७० मिनिटांनी, म्हणजे ९ वाजून १२ मिनिटांनी दुसऱ्या मोठ्या स्थानकावर पोहोचली. तेथून पुढची गाडी ९ वाजून ४ मिनिटांनी सुटून गेलेली आहे. प्रवाशाला आता १० वाजून ४ मिनिटांपर्यंत फलाटावर बसून राहावे लागेल. तीच पहिली गाडी ५६ मिनिटांत पोहोचली, तर ती ८ वाजून ५८ मिनिटांनी येईल, प्रवासी उतरून शेजारच्या फलाटावर जाईल आणि ९ वाजून ४ मिनिटांची गाडी त्याला सहज मिळेल. गाडीचा वेळ वाचला १४ मिनिटे. प्रवाशाचा वाचला पूर्ण एक तास. याउलट, खूप खर्च करून ती गाडी ४५ मिनिटांत नेली, तरी या प्रवाशाला काहीच अधिक मिळत नाही. तो केवळ आणखी अकरा मिनिटे फलाटावर उभा राहतो.

या हिशेबावरूनच स्विस अभियंत्यांनी असे सूत्र ठरविले की गाड्या शक्य तितक्या वेगवान नव्हेत, तर आवश्यक तितक्या वेगवान असाव्यात. १९८७ मध्ये ‘रेल २०००’ या योजनेला तेथील नागरिकांनी सार्वमताने मान्यता दिली. डिसेंबर २००४ मध्ये बर्न शहराच्या दिशेने सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग सुरू झाला आणि झुरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आला. मोठ्या जोडस्थानकांवर आता तासाच्या ठोक्याच्या थोडे आधी सर्व दिशांनी गाड्या येतात आणि थोड्या वेळाने सर्व दिशांना निघून जातात. चौकाबाहेर बसगाड्या त्यांची वाट पाहत उभ्या असतात.

पिवळी बस

या जोडणीचे फळ काय, हे एका प्रत्यक्ष प्रवासावरून दिसेल. देशाच्या पूर्व भागात ग्राउब्युंडेन प्रांतात यूफ नावाचे खेडे आहे. ते २,१२६ मीटर उंचीवर, वृक्षरेषेच्याही वर वसलेले आहे. वर्षभर वस्ती असलेले युरोपातील सर्वांत उंच खेडे म्हणून ते ओळखले जाते. लोकवस्ती सारी तीसेक माणसांची. आपला एकटा प्रवासी झुरिकला मोठ्या आगगाडीत बसतो आणि सुमारे सव्वा तासात कूर येथे उतरतो. तेथून रेटियन रेल्वेची मीटरगेज गाडी त्याला थुसिस येथे नेते. थुसिसला पिवळी पोस्टबस मिळते. आंडेर या गावी तो दुसऱ्या पिवळ्या बसमध्ये बसतो, आणि ती बस वळणावळणांनी चढत, एवर्स खोऱ्यातील वाड्यावस्त्या जोडत, रस्ता जेथे संपतो तेथे त्याला आणून सोडते. वाहने चार, चालविणाऱ्या संस्था वेगवेगळ्या, पण तिकीट एकच काढले तरी चालते.

या पिवळ्या बसला इतिहास आहे. आल्प्स पर्वताच्या घाटांतून पूर्वी टपाल घोडागाडीतून जात असे आणि तिच्यातच प्रवासीही बसत. १ जून १९०६ रोजी बर्नहून स्विस टपालखात्याची पहिली मोटारबस सुटली. घाटातील आंधळ्या वळणांवर ही बस तीन सुरांचा भोंगा वाजविते. ते सूर रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेच्या प्रास्ताविक वादनातून घेतले आहेत. पाट्या लावून निश्चित केलेल्या डोंगरी टपालरस्त्यांवर समोरून येणाऱ्या मोटारवाल्याने बसला वाट द्यावयाची असते आणि अडचणीच्या जागी बसचालक सांगेल त्याप्रमाणे गाडी मागेपुढे घ्यावयाची असते. सार्वजनिक वाहनाचा मान आधी, खाजगी वाहनाचा नंतर, हा नियम त्या अरुंद रस्त्यावर अगदी प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

अशी बस भाड्याच्या उत्पन्नावर चालणे अर्थातच शक्य नाही. तेथील नियमांनुसार वर्षभर किमान १०० माणसे राहत असलेल्या वस्तीपर्यंत सार्वजनिक वाहन नेण्यासाठी संघराज्य आणि प्रांत मिळून तूट भरून काढतात. येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. ती बस परदेशी प्रवाशासाठी सुरू झालेली नाही. शाळेत जाणारे मूल, दवाखान्यात निघालेली म्हातारी, मोटार बाळगणे न परवडणारा मजूर यांच्यासाठी ती आहे. जेथे या माणसांना नागरिक म्हणून गावाबाहेर पडण्याचा हक्क मानला गेला, तेथे वाट चुकून आलेल्या परदेशी पाहुण्यालाही आपोआप वाट मिळाली. जेथे त्यांचा विचार सुटला, तेथे पाहुणाही वेशीवर अडला.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष नाही. आपल्या देशातून जाणाऱ्यास तेथील भाडे जबर वाटते. म्हणून ठराविक दिवसांचा प्रवासी पास घेणे बहुधा श्रेयस्कर ठरते. अपंग प्रवाशांना सर्व स्थानके सुगम करण्यासाठी २००४ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने २०२३ अखेरची मुदत घातली होती. त्या मुदतीत ते काम पुरे झाले नाही. चाकांच्या खुर्चीतून एकट्याने प्रवास करणाऱ्यास म्हणूनच तेथेही आधी चौकशी करावी लागते.

आखणी कशी करावी

देश कोणताही असो, मोटारीविना एकट्याने जाणाऱ्यास काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. त्या कठीण नाहीत, पण मोटारवाल्यांना त्यांची गरज नसल्यामुळे त्या कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, आखणी उलट्या क्रमाने करावी. जाण्याची गाडी कोणती हे पाहण्यापूर्वी परतीची शेवटची गाडी कोणती ते पाहावे. शेवटच्या गाडीवर मात्र विसंबू नये, तिच्या आधीच्या गाडीने परतण्याचे ठरवावे. म्हणजे एखादी जोडणी चुकली तरी एक गाडी हाती राहते. ज्या ठिकाणी दिवसात एकच बस येते, तेथे राहण्याची सोय निश्चित झाल्याशिवाय जाऊ नये.

दुसरी गोष्ट, बस कोणासाठी चालते ते ओळखावे. आपल्याकडील मुक्कामाची एस.टी. सर्वांना परिचित आहे. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तेथेच राहते आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन शहराकडे निघते. युरोपातील अनेक खेड्यांच्या बसचा क्रमही असाच असतो: सकाळी खेड्यातून शहराकडे, संध्याकाळी शहरातून खेड्याकडे. शहरात उतरलेल्या प्रवाशाला नेमके याच्या उलट हवे असते, म्हणून सोयीची बस नाही असे त्याला वाटते. त्याने खेड्यातच दोन रात्री मुक्काम केला, तर तीच बस त्याच्या सोयीची होते. अन्यथा ज्या स्थानकातून अनेक दिशांना वाटा फुटतात, अशा जोडस्थानकाच्या गावी बिऱ्हाड करावे आणि तेथून रोज एक दिशा पाहावी.

तिसरी गोष्ट, वेळापत्रकातील खुणा वाचावयास शिकावे. आकड्यांपेक्षा तळटीपा अधिक महत्त्वाच्या असतात. जर्मन भाषेच्या मुलखातील वेळापत्रकांत दोन हातोड्यांची खूण कामाचे दिवस दाखविते आणि क्रूसाची खूण रविवार व सणाचे दिवस दाखविते. फ्रान्सच्या ग्रामीण भागातील कित्येक बसगाड्या केवळ शाळेच्या दिवसांत धावतात. उन्हाळ्याच्या सुटीत, म्हणजे नेमक्या प्रवाशांच्या हंगामात, त्या बंद असतात. काही ठिकाणी आदल्या दिवशी किंवा काही तास आधी दूरध्वनी केला तरच बस येते. फोनमध्ये सर्व माहिती मिळत असली, तरी दरीत फोन चालेलच असे नाही. म्हणून परतीच्या दोन-तीन वेळा कागदावर लिहून खिशात ठेवाव्या.

चौथी गोष्ट सामानाची. मोटारीत सामान विसरून हिंडता येते. एकट्या पादचाऱ्याला ते प्रत्येक जिन्यावर उचलावे लागते आणि शौचालयात जाताना ते सांभाळावयासही दुसरे कोणी नसते. या बाबतीत जपानची सोय अनुकरणीय आहे. १९७६ पासून तेथे घरोघर सामान पोहोचविण्याची सेवा रूढ झाली आहे. आज सकाळी एका गावच्या मुक्कामावर पेटी सोपवावी, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी हजर होते आणि मधला दिवस प्रवासी मोकळ्या हातांनी हिंडतो. लिपी न कळणाऱ्यांसाठीही तेथे विचार झालेला आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वेने २००४ मध्ये प्रत्येक स्थानकाला एक रोमन अक्षर आणि एक अंक दिला. नाव वाचता आले नाही तरी अंकावरून उतरावयाचे ठिकाण कळते. जेथे अशी सोय नाही तेथे गावाचे नाव स्थानिक लिपीत लिहून घ्यावे आणि चढतानाच चालकाला दाखवावे.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची. विशेषतः एकट्या स्त्रीने नवख्या ठिकाणी उजेडी पोहोचावे, पहिला मुक्काम स्थानकापासून चालत जाता येईल इतका जवळ ठेवावा आणि एका वेळच्या टॅक्सीचे भाडे वेगळे बाजूस काढून ठेवावे. ते पैसे खर्च झाले नाहीत तर चांगलेच; पण ते आहेत या भरवशावर संध्याकाळचा निर्णय शांतपणे घेता येतो. बसमध्ये चढताना ‘परतीची शेवटची बस कधी?’ एवढा एक प्रश्न चालकाला विचारावा. त्यामुळे माहिती तर मिळतेच, शिवाय आज एक परका माणूस वर गेला आहे आणि तो परतावयाचा आहे, हे त्या खोऱ्यात एका माणसाला ठाऊक होते. एकट्याने मोटार हाकणाऱ्याच्या वाट्याला हा आधार येत नाही.

या सर्व काळजीनंतरही काही जागा पाहावयाच्या राहून जातील. त्याची खंत करू नये. मोटारवाला एका दिवसात पाच गावे पाहतो. बसने जाणारा एकच पाहतो, पण पुढची बस येईपर्यंत त्याला तेथे थांबावे लागते आणि त्या थांबण्यात गावाचे जीवन थोडेफार त्याच्या दृष्टीस पडते. थांब्यावर त्याच्या शेजारी उभी असलेली म्हातारी हातात पिशवी घेऊन तीच बस पाहत असते. त्याच्या सहलीचा एक दिवस बुडाला तर तो घरी जाऊन विसरेल. ती बस उद्या बंद झाली तर म्हातारीचा दवाखाना, बाजार आणि लेकीचे घर ही तिन्ही एकदम दूर जातील. म्हणून परदेशात मोटारीविना सुखाने हिंडून आलेल्या प्रवाशाने आपल्या धाडसाची गोष्ट अवश्य सांगावी. पण ज्या बसने त्याला नेले ती कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने चालविली, हेही त्याने त्याबरोबर सांगितले पाहिजे.